एकच यादी, एकच कॅलेंडर : साखर कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

कृष्णाकाठचा सहकारी साखर कारखाना, जिल्हा सांगली. गाळप क्षमता रोजी ५,००० टन.

१२ मार्च

मध्यरात्रीनंतर शेवटची खेप गव्हाणीत (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यात) पडली. पहाटे मिल थांबली. आजपासून ऑफ सीझन.

एमडी साहेबांनी सकाळीच बोलावलं. कारखान्यात चालू असलेले, मंजूर झालेले आणि नुसते मागणीत असलेले सगळे प्रकल्प एका यादीत (पुस्तकी भाषेत पोर्टफोलिओ) आणायचे. पुढची मोळी टाकेपर्यंत, म्हणजे पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत, त्यातलं काय करायचं आणि काय थांबवायचं, याचा प्रस्ताव एप्रिलअखेर संचालक मंडळापुढे ठेवायचा. मदतीला कॉस्टिंगमधला एक तरुण आणि स्टोअरचे काका.

साहेबांचं म्हणणं नेमकं होतं. दरवर्षी कामं मंजूर होतात, पैसे जातात, उद्घाटनं होतात. पण गळीत सुरू झाल्यावर रोजच्या रिपोर्टात त्याचा फरक कुठे पडला, हे कोणी दाखवू शकत नाही. प्रकल्प करणारे वेगळे, कारखाना चालवणारे वेगळे, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात माणसं तीच आहेत.

१७ मार्च

यादी गोळा करतोय. प्रत्येक खात्याची स्वतःची यादी आहे आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. इंजिनिअरिंगची वहीत, डिस्टिलरीची संगणकावर, शेती खात्याची तर शेती अधिकाऱ्यांच्या डोक्यात. अकाउंट्सकडे अपूर्ण भांडवली कामांचं रजिस्टर आहे. संचालक मंडळाच्या ठरावांचं बुक वेगळंच. ठराव झाला पण ऑर्डर गेली नाही, ऑर्डर गेली पण माल आला नाही, माल आला पण बसवला नाही, अशा तिन्ही तऱ्हा सापडल्या.

सगळ्यात खरी यादी मात्र यार्डात मिळाली. काकांना घेऊन स्टोअरच्या मागच्या शेडपासून मळीच्या टाक्यांपर्यंत चालत गेलो. लाकडी खोक्यात बंद असलेलं एक व्हीएफडी पॅनल (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं), ताडपत्रीखाली दोन व्हॉल्व्ह, एका वजनकाट्याचे लोडसेल. काका प्रत्येक वस्तूजवळ थांबून सांगत होते, हे कुणी मागवलं होतं आणि तो माणूस आता कुठल्या खात्यात आहे. मालाची नोंद स्टोअरला आहे, खर्चाची अकाउंट्सला आहे. ते काम आता कुणाचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

यादीत एक रकाना वाढवला : "आज या कामाचं नाव काढलं तर कोण उठून बोलेल?" काही ओळींपुढे तो रिकामा राहिला. त्या ओळी लाल शाईने लिहिल्या.

२४ मार्च

मिल हाऊसमध्ये दिवसभर. रोलर काढायला सुरुवात झालीय. फोरमन अण्णा तीस-पस्तीस वर्षं इथेच आहेत. त्यांना विचारलं, "अण्णा, ऑफ सीझनला तुमच्याकडं किती कामं असतात?"

"ओव्हरहॉलिंग म्हणा की साहेब. रोलर, बेअरिंग, कॅरिअरच्या चेन, ट्रॅश प्लेट. त्यात भर म्हणून तुमची नवी कामं. नव्या कामाला पाहुणे येतात, फोटो निघतो. ओव्हरहॉलिंग राहिलं तर जानेवारीत मिल थांबते, तेव्हा फोटोला कोण येत नाही."

हे मला या सगळ्या कामाचं मूळ वाटतं. पुस्तकात प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदतीचं, एकदाच होणारं काम. रोजचं चालवणं म्हणजे न संपणारं काम. व्याख्या बरोबर आहे. पण आमच्याकडे दोन्हींना हात तेच लागतात. बॉयलरच्या हाय प्रेशर जोडाचं वेल्डिंग फक्त प्रमाणपत्र असलेला वेल्डरच करू शकतो. असे वेल्डर मोजके, आणि बॉयलरची दुरुस्ती, नवी स्टीम लाइन, डिस्टिलरीची जोडणी या सगळ्या ठिकाणी तेच धरलेले. इन्स्ट्रुमेंट खात्याची तीच गत. तिथल्या दोघा जणांवर निम्म्याहून जास्त प्रकल्पांचा शेवटचा आठवडा अवलंबून आहे.

म्हणून ठरवलं : ओव्हरहॉलिंग हा प्रकल्प नसला तरी तो याच तक्त्यावर सगळ्यात वर मांडायचा. आधी त्याचे माणूस-दिवस काढून घ्यायचे. उरतील ते नव्या कामांना.

२ एप्रिल

प्रत्येक खातेप्रमुखाला एकच प्रश्न विचारत फिरतोय : या कामाने रोजच्या रिपोर्टातला कुठला आकडा हलणार, आणि तो आकडा कोणाच्या सहीने निघतो?

रोज सकाळी निघणारा उत्पादन अहवाल ही कारखान्याची नाडी. किती टन गाळप, मिल किती तास बंद आणि कशाने बंद, उतारा (उसातून निघालेली साखर) किती, बगॅसमध्ये (चिपाडात) साखर किती गेली, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) किती, हिशेबात न सापडणारी घट किती, उसाच्या प्रमाणात वाफ किती लागली, किती युनिट वीज विकली. शेती खात्याचं वेगळं : यार्डात गाड्या किती, सरासरी किती तास उभ्या. अकाउंट्सचं वेगळं : बिल चौदा दिवसांत गेलं की नाही.

आकडा सांगता आला तर प्रकल्प पुढे. "आधुनिकीकरण होईल", "कार्यक्षमता वाढेल" असं उत्तर आलं तर फॉर्म परत. एकदोघांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी तेच लोक आकडे घेऊन आले, आणि ते आकडे चांगले होते.

शिफ्टमधल्या लोकांसाठी भिंतीवर दोन हिशेब लिहून लावले. रोजी ५,००० टन म्हणजे तासाला सुमारे २०८ टन. एक तास मिल बंद, म्हणजे तेवढा ऊस यार्डात वाळत पडला. आणि साखरेची घट शंभर टन उसामागे फक्त ०.१ टनाने कमी झाली, तर दिवसाला ५ टन साखर जास्त मिळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेला किमान विक्री दर किलोला ३१ रुपये. तो धरला तरी रोजचे दीड लाखाच्या वर होतात. हे वाचल्यावर साखर शिजवणाऱ्या पॅनवरच्या एका मुकादमाने विचारलं, मग गळक्या पंपाच्या ग्लँडचा अर्ज गेल्या वर्षीपासून का पडून आहे? प्रश्न रास्त होता. तो अर्जही यादीत घेतला.

५ एप्रिल

आज पूर्ण दिवस एकाच प्रकल्पावर गेला, आणि तो जायला हवा होता.

चीफ केमिस्ट मॅडमचा प्रस्ताव : इव्हॅपोरेटरची (रस आटवणाऱ्या यंत्राची) रचना बदलायची, फॉलिंग फिल्म बॉडी (रस पातळ थरात खाली वाहत आटतो अशी टाकी) बसवायची, रस तापवायला वरच्या टप्प्यांतलं बाष्प वापरायचं. आज शंभर टन उसामागे ४८ टन वाफ लागते. ती ४२ वर आणायची. हिशेब असा : तासाला २०८ टन उसावर सहा टक्के, म्हणजे साडेबारा टन वाफ वाचली. आमच्या बॉयलरला एक टन बगॅसमधून साधारण २.२ टन वाफ मिळते. म्हणजे तासाला साडेपाच टनांहून जास्त, दिवसाला सुमारे १३६ टन बगॅस शिल्लक. प्रस्ताव नजरेत भरणारा आहे.

मग कोजनच्या (बगॅस जाळून वीज करणाऱ्या विभागाच्या) शिफ्ट इंजिनिअरला बसवलं आणि चित्र पालटलं. त्यांचं म्हणणं : टर्बाइनमधून वीज करून बाहेर पडणारी वाफच बॉयलिंग हाऊसला (रसाची साखर करणाऱ्या भागाला) जाते. तिकडची मागणी कमी झाली, की त्या वाटेने जाणारी वाफ कमी, आणि त्या वाटेची वीजही कमी. वाचलेली वाफ टर्बाइनच्या कंडेन्सिंग बाजूने (जिथे वाफ फक्त विजेसाठी वापरली जाते) घेतली, किंवा बगॅस साठवून ऑफ सीझनला जाळला, किंवा विकला, तरच पैसा दिसतो. कंडेन्सिंग बाजूला मोकळी क्षमता किती, बगॅस यार्डात जागा किती, पावसात झाकायची सोय काय, यावर सगळं ठरतं.

म्हणजे खर्च बॉयलिंग हाऊसचा, काम इंजिनिअरिंगचं आणि फायदा कोजनच्या रिपोर्टात. एकट्या खात्याच्या यादीत हा प्रकल्प कायम अर्धवट दिसणार. सगळी कामं एकत्र मांडली तेव्हाच लक्षात आलं, की इंजिनिअरिंगच्या यादीत तळाशी पडलेलं बगॅस शेडचं साधं काम याच प्रकल्पाचा पाया आहे. दोन्ही कामं एका गटात बांधली. शेड नाही तर इव्हॅपोरेटर नाही. मॅडमना हे पटलं. शेडच्या अर्जावर त्यांनी स्वतः शिफारस लिहिली.

११ एप्रिल

खातेप्रमुखांची बैठक, साडेतीन तास.

डिस्टिलरी मॅनेजरांनी सुरुवातीलाच विचारलं, "हे पोर्टफोलिओ प्रकरण आयटी कंपन्यांचं. आपल्याला कशाला?" थोडक्यात सांगितलं. पोर्टफोलिओचा विचार आला गुंतवणुकीतून, हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ च्या लेखातून. एकेका शेअरचा धोका सुटा मोजून भागत नाही, सगळे मिळून काय होतं ते बघायचं. १९८१ मध्ये वॉरन मॅकफार्लन यांनी तोच विचार कंपनीच्या संगणक प्रकल्पांना लावला. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये त्याचं मानक काढलं, आयएसओने २०१५ मध्ये २१५०४ क्रमांकाचं. आपल्या कामापुरतं सार एवढंच : प्रकल्प व्यवस्थापन काम नीट पार पाडायला शिकवतं, पोर्टफोलिओ मात्र मुळात कुठलं काम हातात घ्यायचं ते ठरवतो. आणि ते ठरवताना रोजचं चालवणारा माणूस टेबलाशी बसलेला हवा.

मग त्यांच्याच खात्याचं उदाहरण घेतलं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला बंदी घातली. ऐन हंगामात. नंतर थोडी मुभा दिली, आणि ऑगस्ट २०२४ अखेर पुढच्या वर्षासाठी निर्बंध उठवले. त्या काळात ज्यांचा सगळा विस्तार रसावर बेतलेला होता, त्यांचं काय झालं हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून डिस्टिलरी विस्ताराचे दोन टप्पे करायचे. पहिला बी-हेवी (बरीच साखर उरलेली) आणि सी-हेवी (साखर जवळजवळ काढून झालेली) मळी दोन्हींवर चालणारा. दुसरा सुटा, धोरण बघून. मॅनेजरांनी हे स्वतःच मांडलं. मला फक्त तक्त्यावर लिहावं लागलं.

गुणांकनावर बराच वाद झाला. त्यातून एक नियम निघाला, तो मोलाचा आहे : कायद्याची आणि जिवाची कामं स्पर्धेत उतरवायची नाहीत. बॉयलरची वार्षिक तपासणी, प्रदूषण मंडळाने सांगितलेली कामं, मिलवरचे रेलिंग आणि गार्ड यांचे पैसे आणि माणसं आधी बाजूला. त्यांना गुण देत बसलो तर एखाद्या वर्षी सुरक्षेचं काम तीन गुणांनी हरेल आणि पुढे कोणाचा तरी हात जाईल.

उरलेल्यांना तीन कसोट्या : रोजच्या रिपोर्टातल्या आकड्यावर परिणाम, उशीर झाल्यास दर हंगामी होणारं नुकसान, आणि लागणारे माणूस-दिवस. तिसरीला वजन जास्त दिलं, कारण आमच्याकडे पैशाआधी माणूस संपतो.

१९ एप्रिल

अकाउंट्समध्ये बसून महिनावार पैशाचा तक्ता केला. साखर उद्योगाबाहेरच्या माणसाला हे सहज कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची. उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. साखर मात्र वर्षभर विकली जाते, तीही केंद्राने महिन्याला ठरवून दिलेल्या कोट्याने. मधली दरी मालतारण कर्जाने (साखर तारण ठेवून घेतलेल्या) भरायची. हंगाम संपला की या बिलांची शेवटची ओढ असते. ती सरते न सरते तोच मे ते जुलै तोडणी-वाहतुकीची उचल (आगाऊ रक्कम) द्यायची वेळ येते. बीड, जत, कर्नाटकातलं विजयपूर, जिथून टोळ्या येतात तिथल्या मुकादमांचे करार याच काळात होतात. उचल दिली नाही तर टोळी दुसऱ्या कारखान्याला जाते, आणि नोव्हेंबरमध्ये नवी कोरी मिल उसाविना उभी राहते.

आणि प्रकल्पांच्या मशिनरीचे मोठे हप्तेही नेमके मे-जूनमध्येच पडतात. दरवर्षी हीच टक्कर होते आणि दरवर्षी ती आयत्या वेळी सोडवली जाते. या खेपेला उचल आणि एफआरपी या दोन ओळी तक्त्यात वर लिहिल्या आणि प्रकल्पांचे हप्ते उरलेल्या जागेत बसवले. जे बसेनात त्यांच्या पुरवठादारांशी हप्ते बदलायची बोलणी आत्ताच, एप्रिलमध्ये करायची. जूनमध्ये बोलायला गेलं की आपली बाजू पडती असते.

२८ एप्रिल

संचालक मंडळाची बैठक.

एका पानाचा तक्ता ठेवला. डावीकडे काम, मध्ये कुठला आकडा हलणार, उजवीकडे फायद्याचा जबाबदार माणूस. हा माणूस प्रकल्प करणारा नसून हंगामात ते यंत्र चालवणारा आहे. इव्हॅपोरेटरपुढे दोन नावं : चीफ केमिस्ट आणि कोजन मॅनेजर.

सगळी कामं एकदम का घ्यायची नाहीत, यावर बरीच चर्चा झाली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगितला : हातात असलेली कामं म्हणजे कामं संपण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. आपला वेग मोजक्या वेल्डरांनी आणि दोन इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी ठरवून दिलाय. तो वाढत नसेल तर हातातली कामं दुप्पट केली की प्रत्येक काम दुप्पट वेळ घेणार. एका ज्येष्ठ संचालकांनी लगेच ताडलं, "म्हणजे गव्हाणीसारखंच. मिल ओढंल तेवढाच ऊस टाकायचा, जास्त टाकला की तुंबतं." यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

मंजूर : इव्हॅपोरेटर आणि बगॅस शेड एकत्र, एका मिलचा व्हीएफडी ड्राइव्ह (खोक्यातलं पॅनल तपासून तेच वापरायचं), यार्डातली टोकन पद्धत (उसाच्या गाड्यांना रांगेचा नंबर देण्याची), डिस्टिलरीचा पहिला टप्पा फक्त आराखडा आणि परवानग्यांपुरता. पुढच्या वर्षावर : नवीन साखर गोडाऊन, ऊसतोडणी यंत्रांची दुसरी खरेदी. बंद : लाल शाईच्या सगळ्या ओळी. त्यातला माल दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा.

थांबवलेल्या कामांच्या लोकांना चेअरमन साहेबांनी स्वतः बोलावून कारण सांगितलं. ते फार चांगलं झालं. कागदावरच्या शेऱ्याने माणूस दुखावतो, तोंडी सांगितलं की निदान ऐकून घेतो.

१६ मे

इव्हॅपोरेटर बॉडीची ऑर्डर गेली. शेडचा पाया सुरू. टोकन पद्धतीसाठी शेती खात्याने दोन चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्यांचं काम बघणारे) दिलेत. दोघे हुशार आहेत, मोबाइलवर सगळं पटकन उचलतात.

९ जून

कॅलेंडर उलट्या बाजूने मांडलं. मोळीच्या तारखेपासून मागे यायचं : त्याआधी मिलची विनाउसाची चाचणी, त्याआधी बॉयलिंग हाऊसची पाण्यावरची चाचणी, त्याआधी वाफेची, त्याआधी बॉयलर पेटवणं, त्याआधी बॉयलरची हायड्रॉलिक चाचणी आणि निरीक्षकांचं प्रमाणपत्र. इव्हॅपोरेटरचे नवे जोड पाण्याच्या चाचणीआधी पुरे झालेच पाहिजेत. पुरवठादाराने दिलेली तारीख त्यांच्या कारखान्यातून माल निघण्याची आहे. आमची तारीख आमच्या वेल्डरने शेवटचा जोड मारण्याची. या दोहोंत पाच आठवड्यांचं अंतर निघालं. ते आज जूनमध्ये दिसलं म्हणून त्यांना एक बॉडी आधी पाठवायला लावता आली.

प्रकल्पवाले मुदत म्हणतात, चालवणारे हंगाम म्हणतात. आमच्याकडे हुकूम हंगामाचाच चालणार. मुदत चुकली तर काम अर्धवट जोडून गळीत सुरू करायचं नाही. जुनी लाइन तशीच ठेवायची आणि नवी ब्लँक करून (तोंड बंद करून) पुढच्या वर्षी जोडायची. हा निर्णय कोणत्या तारखेला घ्यायचा, तेही आजच लिहून ठेवलं : २० सप्टेंबर.

४ जुलै

व्हीएफडी पॅनल सुस्थितीत निघालं. दोन कार्ड बदलावी लागली. इन्स्ट्रुमेंटच्या दोघांना दुसऱ्या कुठल्याही कामाला या आठवड्यात हात लावू दिला नाही, म्हणून एका दमात झालं.

१३ ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढलाय, कृष्णा पात्राबाहेर यायच्या बेतात. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. पण आमच्याकडची नदीकाठची गावं त्याआधीच हलायला लागतात. भिलवडी, आमणापूर, बुर्लीकडचे कामगार आज घरी सोडले. आधी जनावरं, मग सामान, मग माणसं.

२०१९ च्या पुराचा अनुभव धरून ऑगस्टचे दोन आठवडे तक्त्यात कोरेच ठेवले होते. मे महिन्यात एका सल्लागाराने तो "वाया जाणारा वेळ" म्हणून काढायला सांगितला होता. काढला नाही. मोटारी आणि पॅनल वरच्या मजल्यावर, सिमेंट शेडमध्ये उंचावर. बाकी काम पूर ओसरल्यावर.

२० सप्टेंबर

ठरलेल्या दिवशी निर्णय : इव्हॅपोरेटरच्या दोन बॉडी जोडायच्या, तिसरीची लाइन ब्लँक. दोन बॉडींवर वाफ ४२ वर येणार नाही. मॅडमनी नवा अंदाज ४४ दिला आणि तसा तक्त्यात लिहून स्वतः सही केली.

२६ सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभा. मंडप भरलेला. एका सभासदाने उठून विचारलं, "डिस्टिलरी वाढवणार म्हणून गेल्या वर्षी सांगितलं. कुठं गेली?" दुसरा : "गोडाऊन का रद्द?"

चेअरमन साहेबांनी तोच एका पानाचा तक्ता मोठा छापून लावला होता. ते म्हणाले, "बापू, रद्द नाही, पुढच्या वर्षावर. यंदा पैसा तिकडं घातला असता तर तुमच्या बिलाला उशीर झाला असता. बिल आधी का गोडाऊन आधी, तुम्ही सांगा." थोडा वेळ कुजबुज झाली आणि मग मागून आवाज आला, "बिल!" विषय मंजूर.

सभासद हा मालक आणि ऊसही त्याचाच. प्रकल्पाचा क्रम त्याला समजेल अशा शब्दांत सांगता आला पाहिजे. यापुढे तक्त्याची भाषा याच कसोटीवर तपासायची.

७ ऑक्टोबर

बॉयलर अग्निप्रदीपन झालं. आता हस्तांतर.

चीफ इंजिनिअर साहेबांचा सवाल होता, काम पूर्ण झाल्याचं पत्र कधी देणार? उत्तर : चार गोष्टी झाल्यावर. सुट्या भागांना स्टोअरचे कोड मिळालेत. चालवायच्या सूचना मराठीत, यंत्रापाशी लावल्यात. रोजच्या रिपोर्टात त्याची ओळ आलीय. आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरने पुरवठादाराचा माणूस शेजारी नसताना ते बंद करून परत चालू केलंय. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड गेली, आणि तिच्यातूनच सगळ्यात जास्त कळलं. दोन व्हॉल्व्हचे हँडल अशा उंचीवर होते की शिडीशिवाय हात पोचत नव्हता. दिवसा चार माणसं असतात, लक्षात येत नाही. रात्री एकटा ऑपरेटर काय करणार? प्लॅटफॉर्म बसवून घेतला.

चारही होऊनही प्रकल्प तक्त्यावरून पुसायचा नाही. एक हंगाम आकडा बघायचा.

१९ नोव्हेंबर

गळीत सुरू होऊन काही दिवस झाले. व्हीएफडी ड्राइव्हची मिल छान चालतेय. कमी उसाला वेग खाली घेता येतो, त्यामुळे थांबवून परत चालू करण्याचे प्रसंग घटलेत. फोरमन अण्णांनी स्वतः येऊन सांगितलं.

टोकन पद्धतीचं मात्र अर्धंच झालंय. यार्डात रांग शिस्तीत लागते, पण गाड्यांचा मुक्काम फारसा कमी झालेला नाही. शेती अधिकाऱ्यांसोबत दोन गटांत (ऊस येणाऱ्या गावांच्या समूहांत) फिरलो. टोकन गाडी यार्डात आल्यावर मिळतं, तोडीची चिठ्ठी मात्र अजून गट ऑफिसातून जुन्याच अंदाजाने निघते. सकाळी मिलचा वेग कमी झालाय हे गट ऑफिसला दुपारी कळतं, तोवर तोड झालेली असते. दुरुस्ती यार्डात होणारी नाही. मिलच्या तासाच्या गाळपाचा आकडा थेट गट ऑफिसला जायला हवा. शिफ्ट केमिस्टने दर दोन तासांनी तो पाठवायचा, असं आजपासून सुरू केलं.

६ डिसेंबर

पहिला आढावा, फायद्याचे जबाबदार सगळे हजर.

वाफ ४४ च्या अंदाजावर आलेली नाही, ४५ ते ४६ मध्ये घुटमळतेय. पुरवठादाराला दोष द्यायची घाई झाली होती. मॅडमनी रोजचे आकडे गाळपासमोर मांडले. ज्या दिवशी ऊस कमी आला आणि गाळप चार हजारांच्या खाली गेलं, त्या दिवशी वाफ चढलेली. पूर्ण गाळपाच्या दिवशी ती अंदाजाच्या जवळ. कमी भारावर इव्हॅपोरेटर त्याच्या बेताने चालतच नाही. शिवाय मिल थांबत-चालत राहिली की वाफ वाया जाते ती वेगळीच. म्हणजे बॉयलिंग हाऊसच्या प्रकल्पाचा आकडा शेती खात्याच्या तोडणी कार्यक्रमावर टांगलेला आहे. यार्डाच्या टोकनचं काम आणि इव्हॅपोरेटरचं काम आजपर्यंत तक्त्यात दोन वेगळ्या पानांवर होतं. ते एका पानावर आणलं.

ठरलं ते असं. यापुढे वाफेची तुलना फक्त साडेचार हजार टनांवरच्या दिवसांची. शेती खात्याने दुसऱ्या दिवशीचा अपेक्षित ऊस रात्री आठपर्यंत चीफ केमिस्ट आणि कोजन दोघांना कळवायचा. तिसऱ्या बॉडीच्या जोडणीचे पैसे जानेवारीच्या आढाव्यापर्यंत सोडायचे नाहीत. बगॅस शेडमध्ये आज किती साठा आहे, तो आकडाही उद्यापासून सकाळच्या रिपोर्टात घ्यायचा. तो कोजनचे शिफ्ट इंजिनिअर देतील.